भिवंडीचा धडा

दंगल उसळली की विचारसरणीचे ठेकेदार आपापला आरोपी आधीच ठरवून मोकळे होतात आणि शासनही त्यांच्याच चष्म्यातून उपाय शोधते. आम्हांस हे मान्य नाही.

७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन आयोगाने जातीय संघटनांबरोबरच पोलिसांच्या पक्षपातावरही बोट ठेवले. ज्याने त्याने त्यातले सोयीचे तेवढेच वाचले. १९८४ साली शहर पुन्हा जळले.

१९८८ साली पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. हिंदू-मुसलमान शेजारी पोलिसांसह एकत्र बसू लागले. १९९२-९३ साली मुंबई होरपळत असता भिवंडी शांत राहिली. मतभेद मिटले नव्हते. अफवा खरी की खोटी हे विचारायला ओळखीचा माणूस मिळाला होता. मात्र २००६ साली पोलीस ठाण्याच्या जागेवरून गोळीबारात दोन तरुण आणि जमावाच्या हातून दोन पोलीस प्राणास मुकले. म्हणजे असे काम एकदा करून भागत नाही.

समेट हा न्यायाला पर्याय नव्हे; दोषींना शासन व्हावेच. परंतु दंगलीनंतर संचारबंदी आणि आयोग, दंगलीपूर्वी मात्र मौन, या धोरणाला आम्ही धोरण म्हणणार नाही.