आधी पुरावा, मग दावा



जॉन ग्रिशमच्या ‘द लिटिगेटर्स’ (2011) या कादंबरीवर बोलताना अनेक जण म्हणतात की, औषध कंपन्यांवर दावे ठोकणारे वकील लोभी असतात आणि कंपन्या नाहक भरडल्या जातात, हेच तिचे सार. मला ते मान्य नाही.

शिकागोतील फिनली अँड फिग ही दोन वकिलांची फर्म अपघात आणि घटस्फोटाच्या केसेसवर कशीबशी तग धरून असते. कोलेस्टेरॉलवरच्या ‘क्रेयॉक्स’मुळे माणसे दगावतात, अशी कुणकुण लागताच वॉली फिग अशिले गोळा करत सुटतो. औषध खरेच घातक आहे का, हे मात्र कोणी तपासत नाही. पुढे ते निर्दोष असल्याचे कळते, या दाव्यांत सोबत उतरलेले बडे वकील अंग काढून घेतात आणि हरणारा खटला या छोट्या फर्मच्या गळ्यात पडतो. आशेला लावलेल्या कुटुंबांना काहीही मिळत नाही.

पण याच फर्ममधला तरुण डेव्हिड झिंक आणखी एक केस हाती घेतो. ब्रह्मदेशातून आलेल्या कुटुंबातील लहान मुलाच्या मेंदूला खेळण्यातल्या शिशाने इजा झालेली असते. डेव्हिड ते खेळणे मिळवतो, तपासून घेतो आणि मगच कंपनीला गाठतो. त्या कुटुंबाला भरपाई मिळते. फर्म तीच, कायदा तोच. इथे पुरावा आधी आला. ग्रिशमचा आक्षेप आहे तो न तपासता लावलेल्या दाव्यांवर.

कादंबरीतले औषध निर्दोष निघाले म्हणून खऱ्या कंपन्यांना निर्दोषत्वाचा दाखला मिळत नाही. मर्क कंपनीचे ‘व्हायॉक्स’ हे वेदनाशामक 1999 मध्ये अमेरिकेत आले. 2000 मधल्या चाचणीत ते घेणाऱ्यांना हृदयविकाराचे झटके अधिक आल्याचे दिसले, तरी सप्टेंबर 2004 पर्यंत ते विकले जात होते. ज्युरीपुढे चाललेले बहुतेक खटले कंपनीने जिंकले, कारण अमुक रुग्णाला झटका याच गोळीने आला, हे सिद्ध करणे महाकठीण. तरीही 2007 मध्ये हजारो दावे मिटवण्यासाठी कंपनीला 4.85 अब्ज डॉलर मोजायला तयार व्हावे लागले. ‘जिंकलो तरच फी’ घेणारे वकील नसते, तर यातल्या किती रुग्णांना कोर्टाची पायरी चढता आली असती?

आपल्याकडे निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष उत्पादनाबद्दल उत्पादकाकडे भरपाई मागण्याचा हक्क दिला, पण प्रयोगशाळा आणि तज्ज्ञांचा खर्च सामान्य रुग्णाने कुठून करायचा? विधी सेवा प्राधिकरणांनी अशा दाव्यांत दाव्याआधीच्या तपासणीचा खर्च उचलावा. त्यामुळे खोटे दावे कोर्टात पोहोचण्याआधीच गळतील आणि खऱ्या पीडिताच्या हाती लढण्यासाठी पुरावा असेल.

– एक वाचक, सातारा