प्रेक्षकांची खिलाडूवृत्ती

खेळाडूने खिलाडूवृत्ती अंगी बाणवावी, हा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. प्रेक्षकांच्या खिलाडूवृत्तीचा विचार मात्र क्वचितच होतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील रेडमंड हे नगर या विचारास उपयुक्त ठरावे. संगणकाच्या व्यवसायानिमित्त तेथे मराठी कुटुंबेही स्थायिक झाली आहेत. नगरातील मेरीमूर उद्यानात क्रिकेटचे मैदान आहे, सायकलशर्यतींची धावपट्टी आहे. आणि जवळच्या सिॲटल शहरात अमेरिकी फुटबॉलचे भव्य क्रीडागार आहे.

त्या क्रीडागारात २ डिसेंबर २०१३ रोजी प्रेक्षकांच्या आरोळ्यांनी १३७.६ डेसिबलचा विक्रम नोंदविला. या गलक्यामागे हेतू असतो: प्रतिपक्षाच्या खेळाडूंना परस्परांच्या सूचना ऐकू येऊ नयेत. चेंडू स्वपक्षाकडे येताच तोच समुदाय आवाज आवरता घेतो. टेनिसमध्ये सर्व्हिस चालू असताना कोणी असे ओरडेल, तर तो असभ्यपणा ठरेल; उलट कुस्तीचा फड शिट्ट्या-आरोळ्यांवाचून रंगत नाही. तेव्हा गोंगाट किंवा शांतता ही सभ्यतेची कसोटी नव्हे. प्रत्येक खेळाची रीत निराळी असते.

खरी कसोटी लागते ती पराभवाच्या क्षणी. १३ मार्च १९९६ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताचा डाव कोसळताच प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या. अखेर सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. पुढे ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईत पाकिस्तानने कसोटी सामना अवघ्या १२ धावांनी जिंकला, तेव्हा तेथील प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांच्या गजरात विजेत्यांचा गौरव केला. देश तोच, खेळही तोच. भेद होता तो प्रेक्षकांच्या मनोवृत्तीत.

त्याच वर्षी, २३ मे १९९९ रोजी, मॉरिशसमध्ये स्काउट्स क्लब आणि फायर ब्रिगेड यांच्यातील फुटबॉल सामन्यानंतर दंगल उसळली. पोर्ट लुई येथील लामिकाल या वास्तूस लावलेल्या आगीत सात जीव गेले. ऊसमळ्यांत राबलेल्या करारबद्ध मजुरांच्या वंशजांना त्या रात्रीची आठवण करून देण्याचे कारण नाही. परंतु तिचे मूळ विसरता कामा नये. तेथील प्रमुख संघ दीर्घकाळ एकेका जमातीचे म्हणून ओळखले जात. संघ जमातीचा झाला, की एका गोलाची हार ही साऱ्या जमातीची मानहानी वाटू लागते. पुढे संघांची रचना प्रदेशवार झाली, हे योग्यच झाले.

या दृष्टीने रेडमंडचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. २०२३ साली अमेरिकेत व्यावसायिक क्रिकेटची मोठी स्पर्धा सुरू झाली. तेथील प्रेक्षकांना आपला वाटावा असा सिॲटल ऑर्काज हा संघ तीत उतरला. मुंबईत जन्मलेला हरमीत सिंग, पाकिस्तानचा इमाद वसीम आणि दक्षिण आफ्रिकेचा क्लासेन हे एकाच संघातून खेळले. अशा संघाचा चाहता पाकिस्तानी गोलंदाजाने बळी घेतला म्हणून हर्षभरित होतो, आणि वैराची सवय नकळत सैल पडते.

तथापि, केवळ संघांची नावे व रचना बदलून भागत नाही. मुंबईचा संघही शहराचाच. तरी २०२४ साली वानखेडे क्रीडागारात प्रेक्षकांनी आपल्याच नव्या कर्णधाराची, हार्दिक पंड्याची, हुर्यो उडविली. याचा अर्थ असा की, नियमांनी दंगल टळेल, पण मनाचा मोठेपणा शिकवावाच लागतो. त्याची शाळा म्हणजे मुलांचे छोटे सामने. तेथे कडेला उभे राहून पंचावर ओरडणारे वडीलधारे मुलास जे शिकवतात, ते कोणत्याही उपदेशाने पुसले जात नाही. तेच वडीलधारे प्रतिपक्षाच्या सुंदर फटक्यास मनःपूर्वक दाद देतील, तर तोही धडा मूल जन्मभर जपेल. आपल्या सांस्कृतिक संस्थांनी क्रीडामहोत्सव भरविताना विजेत्यांच्या ढालीइतकीच काळजी या धड्याचीही वाहावी.