झिजलेल्या नाण्याची साक्ष

१/ रिद्धपूर म्हटले की गोविंदप्रभू आठवतात, महानुभावांचे ग्रंथ आठवतात आणि अलीकडे मराठी भाषा विद्यापीठ आठवते. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा एक ताम्रपटही याच गावचा. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या या कन्येचे दानपत्र रिद्धपूरच्या महानुभाव महंतांकडे जपून राहिले, म्हणूनच ते विसाव्या शतकात अभ्यासकांच्या हाती आले.

२/ ताम्रपटाला असा आश्रय मिळतो. त्यावर अक्षरे दिसतात आणि अक्षरांचा मान राखला जातो. त्याच वऱ्हाडच्या मातीतून निघणाऱ्या झिजक्या, फुटक्या नाण्याला मात्र हा मान नाही. ते भंगारात जाते, मुशीत वितळते, नाहीतर ‘खराब’ म्हणून संग्राहकाच्या ताटातून बाजूला सरते. या धाग्याचा विषय ही बाजूला सरलेली नाणी आहेत.

३/ तऱ्हाळा, तालुका मंगरुळपीर. आज वाशिम जिल्ह्यात असलेले हे गाव १९३९ मध्ये अकोला जिल्ह्यात होते. त्या वर्षी तेथे सातवाहनांच्या सुमारे १,६०० नाण्यांचा साठा सापडला. सोने नाही, चांदी नाही. तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाची, ‘पोटीन’ म्हणून ओळखली जाणारी ही ठिसूळ नाणी. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती आणि भोवती राजाचे नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह.

४/ गोम अशी की या नाण्यांचा ठसा मोठा आणि धातूची चकती लहान असे. म्हणून राजाचे पूर्ण नाव एका नाण्यावर क्वचितच उतरते. एकावर सुरुवातीची अक्षरे येतात, दुसऱ्यावर मधली, तिसऱ्यावर शेवटची. त्यात झीज आणि तुटलेल्या कडा. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ही नाणी एकमेकांशेजारी ठेवून वाचली. त्यांतून कुंभ, कर्ण आणि शक ही नावे पुढे आली. सातवाहनांच्या ज्या याद्या पुराणांत आहेत, त्यांत हे राजे नाहीत.

५/ येथे थोडे थांबावे. यांतले एकेक नाणे जवळजवळ निरुपयोगी होते. साठा फुटला असता, त्यातली ‘बरी’ शंभर नाणी वेगवेगळ्या हातांत गेली असती आणि उरलेली वितळली असती, तर ही नावे कदाचित कधीच जुळली नसती. एखाद्या राजाचे स्मरण अशा तीन-चार फुटक्या चकत्यांवर टिकून असते.

६/ नाण्यावरची इजा हीच कधीकधी बातमी असते. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या गालावर चैत्य, कपाळावर रेघ. देखणेपणाच्या कसोटीवर ही नाणी बिघडलेलीच म्हणायची! मात्र नहपानाची सत्ता गौतमीपुत्राने मोडली याचा इतका सरळ पुरावा त्या विद्रूप चेहऱ्यांखेरीज क्वचितच मिळेल. ज्याला ‘स्वच्छ चेहऱ्याचा नहपान’ हवा असतो, तो या सत्तांतराची साक्षच नाकारत असतो.

७/ रोमन नाण्यांचेही तेच. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई येथे १८९८ मध्ये मिळालेल्या पाचशेहून अधिक रोमन सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या मस्तकावरच छिन्नीचा घाव आहे. झिजून हलकी झालेली नाणी चलनातून काढण्यासाठी तो घातला, असे एक मत आहे. इतर मतेही आहेत. रोममध्ये पाडलेले ते नाणे भारतात कोणी कसे हाताळले, हे त्या घावातूनच विचारता येते. घाव नसता तर तो केवळ सम्राटाचा मुखवटा राहिला असता.

८/ म्हणून तरुण संग्राहकाने महागड्या चकचकीत नाण्यामागे धावण्यापेक्षा झिजलेले नाणे घ्यावे, हे म्हणणे योग्यच आहे. परंतु ते अर्धेच आहे. युरोपच्या बाजारात उत्तरकालीन रोमन कांस्य नाणी मातीसकट ढिगाने विकली जातात. ती स्वस्त असतात, हातात धरताना रोमांचही येतो. पण कोणत्या गावाची, कोणत्या साठ्यातली, हे बहुधा कोणीच सांगत नाही. तऱ्हाळ्याची नाणी बोलली ती एकत्र होती म्हणून. सापडल्या जागेपासून तुटलेले नाणे अर्धे मुके होते, मग ते कितीही जुने असो.

९/ दुसरा घात चिंच-लिंबाचा. हिरवा-काळा थर म्हणजे निव्वळ मळ, असे समजून नाणे घासले जाते. त्या थरात माती असते, कधी ज्या कापडात नाणी बांधली होती त्याचा ठसाही असतो. पोटीनचे नाणे तर घासता घासता तुटतेही.

१०/ एवढे सांगूनही दोष केवळ संग्राहकाचा किंवा शेतकऱ्याचा ठरत नाही. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ सालचा आहे. दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचा निधी सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. सरकारने तो घ्यायचे ठरवले तर हक्कदाराला काय मिळते? धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. सोन्याच्या हंड्याला हा हिशेब कदाचित परवडेल. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार बक्षीस बाजारभावाच्या आधारे ठरवले जाते. तेथे बातमी दडवण्याचे कारणच कमी होते.

११/ आता वऱ्हाडातल्या एखाद्या शेतात नांगराच्या फाळाला पुन्हा पोटीनचा साठा लागला, असे धरून चालू. कार्यालयाच्या खेपा, पंचनामा, चौकशी, आणि शेवटी हाती तांबे-कथील-शिशाचा भाव अधिक एक पंचमांश. भंगारवालाही साधारण तेवढेच देतो, आणि तो दारात येऊन देतो.