मनातले मांडे आणि बाजारातले मांडे

गेल्या थंडीतल्या एका रविवारची गोष्ट. सकाळी नऊच्या सुमारास बेळगावच्या गणपत गल्लीत आठ-दहा पाहुण्यांचा एक घोळका उभा होता. पुढे गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण वाटाड्या. जुन्या बाजारपेठेतून पायी हिंडायचे, ठिकठिकाणी थांबून तिथला पदार्थ चाखायचा आणि त्याची माहिती ऐकायची, असा हा फेरफटका. मोठ्या शहरांतून असे फेरफटके बरीच वर्षे चालू आहेत. आपल्याकडे ते आता कुठे दिसू लागले आहेत. घोळक्याचा कुंदा खाऊन झाला होता, चहा व्हायचा होता. मधल्या वाटेवर रताळ्यांचा ढीग मांडून बसलेल्या एका म्हातारीपुढे मंडळी थांबली. भराभर फोटो निघाले. एका पाहुणीने विचारले, ही रताळी कुठली? वाटाड्याने हिंदीत उत्तर दिले, "गाँव से आती हैं." आणि घोळका पुढे सरकला.

म्हातारी आमच्याकडे बघून हसली. म्हणाली, "मला इचारलं असतं तर सांगितलं असतं की. माझंच शेत हाय."

या एका वाक्यासाठी आजचा अग्रलेख लिहीत आहोत.

सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे की, अशा फेरफटक्यांना आमचा विरोध नाही. उलट स्वागतच आहे. अहमदाबाद महापालिकेने १९९७ साली जुन्या शहरातून पायी वारसा-दर्शन सुरू केले. पोळांतून, मंदिरांतून, हवेल्यांतून माणसे हिंडू लागली. २०१७ साली त्या शहराला जागतिक वारसा शहराचा मान मिळाला. इंदूरचा सराफा दिवसा सोन्या-चांदीचा आणि रात्री खवय्यांचा. तो पाहायला लोक मुद्दाम मुक्काम करतात. माणूस पायी चालतो तेव्हाच त्याला गाव दिसते, आणि त्या गावचा घास पोटात गेला की ते गाव त्याच्या लक्षात राहते. आपल्या बाजाराला असे पाहुणे लाभत असतील, चार हातगाडीवाल्यांच्या गल्ल्यात दोन पैसे जास्त पडत असतील, तर त्यात वाईट वाटण्याचे कारण नाही.

पण या फेरफटक्यात केवळ पदार्थ विकला जात नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. पदार्थ काय, पाहुण्याला तो एकट्याने हिंडूनही मिळेल. तो पैसे मोजतो ते त्या पदार्थाच्या हकिकतीसाठी. हा कोणी केला, कशाचा केला, या गल्लीला हे नाव का, ही बाई कुठून आली, हे त्याला ऐकायचे असते. म्हणजे जो हकिकत सांगतो, त्याच्या तोंडून हे गाव जगापुढे जाते. आणि आपल्या गावाची हकिकत सांगताना आपल्या गावांची नावे, आपले शब्द आणि आपली माणसे गळून पडत असतील, तर ती नुसती वाटाड्याची चूक नव्हे. तो प्रश्न आपल्या भाषेचा आहे.

हीच वाट आपण एकदा आपल्या तोंडाने सांगून पाहू.

खडेबाजारापासून निघालो की झेंडा चौक लागतो. लोकमान्य टिळकांनी १९०५ साली इथे सार्वजनिक गणेशोत्सव सुरू केला, ही बेळगावकरांच्या अभिमानाची गोष्ट. पुढे गणपत गल्लीत १८४८ साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय. ज्या गल्लीत सकाळी भाजी विकली जाते, त्याच गल्लीत पावणेदोनशे वर्षे लोक वाचताहेत, हे किती पाहुण्यांना सांगितले जाते? याच शहरात १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. संमेलनाला आलेली मंडळी याच बाजारातून कुंदा बांधून घेऊन गेली असतील, असे समजायला हरकत नाही.

आता कुंदा. दूध आटवायचे, साखर घालायची, तपकिरी रंग चढेपर्यंत ढवळत राहायचे. यात कौशल्य आचाऱ्याचे, यात शंका नाही. पण दूध कुणाचे? पहाटे उठून धार काढणाऱ्या, कॅन सायकलला किंवा मोटारसायकलला अडकवून शहराची वाट धरणाऱ्या गावकऱ्यांचे. दुकानाच्या पाटीवर दूधवाल्याचे नाव नसते आणि ते असावे असे आम्ही म्हणत नाही. पण हकिकतीत तरी त्याला जागा असावी.

भाजीच्या रांगेत बसा. रताळी तालुक्याच्या पश्चिम भागातली. तिथल्या तांबड्या मातीतून निघालेले हे कंद दिल्लीपर्यंत जातात. तांदळाच्या दुकानात बेळगावची बासमती मागा. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारातला हा वासाचा तांदूळ एका घरात शिजला की शेजारच्या घरात कळे. आज तो पूर्वीइतका पिकत नाही, कारण शिवारच शहराच्या पोटात चालले आहे. भात काढल्यावर त्याच ओलीवर तिथे मसूर येतो. या शिवारांचे हे गणित चार वाक्यांत सांगता येते. 'गाँव से' या दोन शब्दांत ते बसत नाही.

आणि मांडे. मैद्या-रव्याची मऊसूत कणीक, आत पिठीसाखर, खसखस, वेलदोडा. लाटलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत कागदासारखी पातळ करायची, पालथ्या कढईवर भाजायची आणि गरम असतानाच घडी घालायची. हे काम वर्षानुवर्षे हात बसल्याशिवाय जमत नाही. मुक्ताबाईने ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितली. 'मनात मांडे खाणे' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. ज्या भाषेत एका पदार्थावरून संतकथा आहे आणि म्हणण्याची एक रीतही आहे, त्या भाषेतले नाव टाकून पाहुण्याला 'गोड कागदी रोटी' म्हणून तो पदार्थ सांगणे, म्हणजे माणसाचे नाव विसरून 'तो उंच माणूस' म्हणण्यासारखे आहे.

इथे कोणी म्हणेल, हा पुन्हा मराठी-कानडीचा वाद आला. तसे नाही. बाजारात बसलेली आमची भाषा कधी एकटी नव्हती. याच मांड्याला कानडीत 'मंडिगे' म्हणतात. दोन्हींचे मूळ संस्कृत 'मंडका'त आहे, आणि कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात या पक्वान्नाचा उल्लेख येतो. गोकाकच्या करदंटाचे नाव तर सरळ कानडी, तळलेला डिंक असा त्याचा अर्थ. आम्ही तो आवडीने खातो आणि त्याच नावाने मागतो. अण्णा, अक्का हे शब्द, पान-सुपारीच्या तबकातला अडकित्ता, एवढेच काय पण भातावरचे तूप, हे शब्दही कानडीकडून आल्याचे अभ्यासक सांगतात. पु. ल. देशपांडे यांचे 'रावसाहेब' वाचून सारा महाराष्ट्र हसला आणि हळहळला, तो याच मिसळलेल्या बोलीमुळे. तेव्हा वाटाड्याने मांडे सांगताना मंडिगेही सांगावे, करदंट सांगताना त्याचा कानडी अर्थ उलगडावा. दोन्ही नावे घेतल्याने कुणाचेच काही कमी होत नाही. एक नाव पुसले गेले की मात्र होते.

आणि ते पुसले जात आहे, हे डोळे उघडे ठेवून हिंडणाऱ्याला दिसते. कर्नाटकात २०२४ साली झालेल्या दुरुस्तीने दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के जागा कन्नडला देणे बंधनकारक झाले. कायदा आहे, तो दुकानदाराला पाळावाच लागतो. १९५६ च्या १ नोव्हेंबरपासून या भागाने काय सोसले, २०१४ च्या जुलैत येळ्ळूरच्या फलकावरून काय घडले, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल न्यायालय देईल. पण उरलेल्या चाळीस टक्क्यांत काय लिहायचे, हे कोणत्या न्यायालयाने ठरवायचे? आज बहुतेक ठिकाणी त्या जागेत इंग्रजी येते. मराठी मालक, मराठी गिऱ्हाईक, माल मराठी गावचा, आणि पाटीवर मराठीला बोटभर जागा नाही. हा दोष सरकारच्या माथी मारता येणार नाही. तो आपला आहे.

बडोद्याकडे आणि इंदूरकडे पाहा. बडोद्याची सेव-उसळ आज गुजरातेत नावाजलेली आहे. त्यातली उसळ आपली. इंदूरच्या सकाळच्या पोह्यांना आणि सराफ्यातल्या साबुदाणा खिचडीला मराठी घराची ओळख आहे. गायकवाड आणि होळकरांच्या काळात तिथे रुजलेल्या मराठी कुटुंबांनी आपले खाणे त्या मातीला दिले. पण त्याच कुटुंबांतल्या कितीतरी घरांत नातवंडे आजीशी हिंदीत किंवा गुजरातीत बोलतात. ताटात पदार्थ राहिला, तोंडातून शब्द गेला. तिथल्या मंडळींनी वाचनालये, मंडळे, नाट्यसंस्था चालवून भाषा धरून ठेवली, त्याबद्दल आदरच आहे. पण बाजारातून गेलेला शब्द सभागृहात फार दिवस टिकत नाही, हा त्यातला धडा आहे. आपल्याकडे बाजार अजून मराठी बोलतो. ती रताळेवाली म्हातारी मराठीतच भाव सांगते. हातात आहे तोवर याची किंमत कळली पाहिजे.

मग करावे काय? मोर्चा काढायचे हे काम नाही. थोडे घरचे, थोडे गल्लीतले काम आहे.

पहिली गोष्ट, असे फेरफटके आपल्या मुलांनी न्यावेत. येळ्ळूरची, उचगावची, कडोलीची, खानापूरची शिकलेली पोरे नोकरीसाठी पुण्या-बंगळूरचे रस्ते धरतात. त्यांतली चार-पाच जरी या कामात पडली तरी पुष्कळ झाले. त्यांना मराठी घरची, कन्नड शाळेतली वा शेजारची, हिंदी-इंग्रजी कामापुरती येते. असा चार भाषांचा वाटाड्या दिल्ली-मुंबईहून आणावा लागत नाही. पाहुण्याला समजेल त्या भाषेत हकिकत सांगावी, पण पदार्थाचे, गावाचे, गल्लीचे नाव मात्र जसेच्या तसे उच्चारावे आणि पाहुण्याकडूनही वदवून घ्यावे. परक्याच्या तोंडून 'मांडे' हा शब्द एकदा नीट आला, की तो तो शब्द आपल्या गावी घेऊन जातो.

दुसरी गोष्ट, ज्याचे चाखले, ज्याचा फोटो काढला, त्याला मोबदला आणि मान मिळाला पाहिजे. घोळका दहा जणांहून मोठा नसावा. सकाळच्या गर्दीच्या वेळी हातगाडी अडवून उभे राहू नये. भाजीवालीपुढे थांबायचे तर निदान शेरभर रताळी विकत घ्यावीत, आणि माहिती तिलाच विचारावी. तिचे उत्तर पाहुण्यांना समजावून सांगणे, हेच तर वाटाड्याचे काम.

तिसरी गोष्ट, आमच्या मराठी शाळांसाठी. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचे कलम ३५० अ राज्यघटनेत १९५६ सालीच आले. त्या हक्कासाठी भांडत राहूच. पण वर्गात बसलेल्या पोरांना एक दिवस बाजारात न्यायला कुणाची परवानगी लागत नाही. आठवीच्या मुलांनी एका गल्लीत हिंडून पदार्थांची, धान्यांची, भांड्यांची, मापांची नावे उतरवून आणावीत. मराठी नाव, शेजारी कानडी नाव, आणि माल कोणत्या गावचा ते. अशा वीस वह्या जमल्या, तर त्या सीमाभागाचा शब्दकोश होतील. आजी-आजोबा आहेत तोवर हे करायला हवे. त्यांच्याबरोबर शब्दही जातात.

चौथी गोष्ट दुकानदार बंधूंना. पाटीवर कायद्याचे कन्नड लिहा, ते सुबक लिहा. पण त्याखाली उरलेल्या जागेत एक ओळ मराठीची असू द्या. निदान दुकानातल्या भावफलकावर, खोक्यावर, कागदी पिशवीवर 'मांडे', 'कुंदा' ही अक्षरे देवनागरीत दिसू द्यात. त्याला फारसा खर्च येत नाही. मनात आणावे लागते, एवढेच.

भाषा वाचवायची म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ठराव, शिष्टमंडळे, निवेदने येतात. ती हवीतच. पण ठराव वर्षातून एकदा होतो आणि बाजार रोज भरतो. रोज सकाळी गणपत गल्लीत पाटी उतरवणारी बाई मराठीचे जेवढे रक्षण करते, तेवढे आपल्यापैकी फार थोडे करतात, आणि तिला त्याची जाणीवही नसते. पुढच्या खेपेला कोणी पाहुणा तिच्यासमोर उभा राहून रताळी कुठली म्हणून विचारेल, तेव्हा उत्तर तिच्या तोंडून यावे, तिच्या गावच्या नावासकट यावे, आणि ते पाहुण्याला समजावणारा तिच्याच शेजारच्या गावचा पोर असावा. एवढे झाले तरी आजची ही मजकुराची जागा वाया गेली नाही असे आम्ही म्हणू.

मनात मांडे खाऊन आजवर कुणाचे पोट भरलेले नाही. बाजारात अजून खरे मांडे भाजले जात आहेत. कढई तापलेली आहे तोवर उठायला हवे.