आगाऊ सूचना मिळाली तरी



‘पुढचे काम आधी ठाऊक असले की बदलाचा मेंदूला त्रास नाही’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे विधान अर्धेच खरे आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉजर्स आणि स्टीफन मॉन्सेल यांनी 1995 साली नेमके हेच तपासले. पडद्यावर एक अंक, एक अक्षर. दोनदा अंक सम की विषम ते सांगायचे, मग दोनदा अक्षर स्वर की व्यंजन ते. क्रम ठरलेला, म्हणजे अनपेक्षित काहीच नाही. तरी काम बदलले की उत्तराला विलंब होई; तयारीला सुमारे अर्धा सेकंद मिळाल्यावर तो घटला. पण वेळ 1.2 सेकंदांपर्यंत वाढवूनही उरलेला विलंब हटेना. एकच काम सलग चारदा करण्याच्या फेऱ्यांतही तो दिसला फक्त पहिल्या उत्तरात. त्यांचा तर्क असा की, तयारीचा शेवटचा भाग नवे काम प्रत्यक्ष समोर आल्यावरच पुरा होतो.

ॲलन ऑलपोर्ट आणि सहकाऱ्यांनी मात्र 1994 मध्येच या विलंबाचा दोष मागच्या कामाच्या रेंगाळणाऱ्या प्रभावाला दिला होता. मला तेच अधिक पटते. नाहीतर अवघड कामाकडून सोप्याकडे वळणेच अनेकदा जास्त महाग का पडावे?

– एक वाचक, सातारा