आधी घोंगडी, मग बंदूक

शिवजयंतीनंतरच्या पंधरवड्यात आलेल्या फोटोंचा ढीग समोर आहे. त्यात सरदारांची अख्खी फौज आहे, पण घोड्याचा लगाम धरायला एकही मोतद्दार नाही. ज्याच्या त्याच्या डोक्यावर जिरेटोप, अंगात मखमल, गळ्यात मोत्यांचा कंठा. खांद्यावर घोंगडी टाकलेला साधा हशम भिंग घेऊन शोधला तरी सापडत नाही. खुद्द महाराजांच्या, वा. सी. बेंद्रे यांनी उजेडात आणलेल्या चित्रात मात्र डोक्याला पागोटे आहे.

भिंग हातात होतेच, म्हणून एका फोटोतल्या बंदुकीवर धरले. नळीच्या बुडाशी केप बसवायची बारीक नळकांडी स्पष्ट दिसत होती. फोटोखाली लिहिले होते, ‘१६७४ सालचा मावळा’.

ठासणीची बंदूक म्हणजे शिवकालीन बंदूक, हा समज आपल्या मंडळींत फार घट्ट बसला आहे. दारू आणि गोळी तोंडाकडून ठासायची रीत तोड्याच्या बंदुकीत होती, चकमकीच्या बंदुकीत होती आणि केपाच्या बंदुकीतही होती. फरक आहे तो बार पेटवण्याच्या पद्धतीत. आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ मध्ये घेतले आणि तांब्याचा केप वापरात आला तो १८२० च्या आसपास. पेशवाई १८१८ मध्येच संपली होती. म्हणजे केपाच्या बंदुकीने शिवकाल तर सोडाच, दुसरा बाजीरावही गादीवर पाहिलेला नाही. घरातली बंदूक पणजोबांची असेल, तिच्याबद्दल आदर असावा. पण ती पणजोबांच्याच काळातली आहे.

तेव्हा सामान जमवायला निघण्याआधी एक माणूस ठरवा, एक साल ठरवा आणि एक ऋतूही ठरवा. १६७० च्या दशकात कोकणात पावसाळ्याला थांबलेला हशम वेगळा आणि १७६१ साली पानिपतावर इब्राहिमखानाच्या हाताखाली उभा असलेला गारदी वेगळा. पहिल्याकडे बंदूक असलीच तर तोड्याची. दुसरा कवायत शिकलेला, फ्रेंच तऱ्हेने रांगेत उभा राहून चकमकीची बंदूक चालवणारा. दोघांचे सामान एका पेटीत भरले, की तयार होतो तो शाळेच्या गॅदरिंगचा मावळा.

माझी स्वतःची सुरुवात अशाच गॅदरिंगच्या मावळ्याने झाली. पहिला अंगरखा नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्याकडून विकत घेतला. चकचकीत सॅटिन, आत झिप, वरून शोभेचे बंद. मोठ्या अभिमानाने तो एका जुन्या जाणत्या संग्राहकांना दाखवायला गेलो. त्यांनी कापडाला हातही लावला नाही, एवढेच विचारले, ‘बंद उजव्या काखेत कसे?’ मोगल चित्रांत हिंदू दरबाऱ्याचा जामा डाव्या काखेशी बांधलेला दिसतो आणि मुसलमान दरबाऱ्याचा उजव्या, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. शिंप्याने आरशात पाहून बेतल्यासारखा माझा अंगरखा उलटा झाला होता. आता तो दिवाळीच्या साफसफाईत उपयोगी पडतो.

कपड्याचे काम वाटते तितके महागाचे नाही, फक्त सावकाशीचे आहे. हातमागाची जाडीभरडी खादी घ्या. पन्हा लहान मिळाला तर उत्तमच, कारण जुनी बेतणी सरळ पट्टे, कळ्या आणि काखेतला चौकोनी तुकडा यांवरच चालते. कापड वाया जात नाही. शिवण हाताचीच हवी. शिलाई मशीन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आले, आणि त्याची एकसारखी टीप दहा पावलांवरून ओळखू येते. रंगांचेही तेच. पहिला कृत्रिम रंग १८५६ चा, तोही जांभळा. त्याआधी नीळ, मंजिष्ठ, लाख, हळद, कुसुंबा आणि काळ्यासाठी हिरडा आणि लोखंड. सगळ्या पथकाला एकाच झगझगीत भगव्यात उभे करायचे असेल तर जरूर करा, मिरवणूक देखणी दिसेल. फक्त तिला शिवकालीन सैन्य म्हणू नका. आणि मुंडासे रोज बांधायला शिका. शिवून तयार केलेले मुंडासे टोपीसारखे काढून हातात धरले, की सगळे सोंग तिथेच संपते.

आता बंदूक. ती सर्वांत शेवटी घ्या. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली ठासणीची चालू बंदूकही परवान्याचीच आहे. शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही आठवा, आणि ती ‘सुरक्षित’ करण्यासाठी नळीत वितळलेले शिसे ओतण्याचा उद्योग करू नका. त्यात वस्तू जाते आणि परवान्याचा प्रश्न उरतोच. प्रयोगासाठी नळी मुळात पोखरलेलीच नाही, अशी भरीव प्रतिकृती बनवून घ्या आणि कार्यक्रमाआधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा. घरी सोरा, गंधक आणि कोळसा कालवणाऱ्या हौशी मंडळींना एवढेच सांगतो, की १८८४ चा स्फोटके कायदा अजून लागू आहे आणि डोळे दोनच असतात.

बार न काढताही तोड्याची बंदूक पुष्कळ शिकवते. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. ती ज्योत धरत नाही, निखाऱ्यासारखी धुमसत राहते. चाप ओढला, की घोड्यात धरलेले तिचे टोक रंजकेवर टेकते. एका हाती जळता तोडा आणि कमरेला दारूचे शिंगडे, अशा अवस्थेत माणूस दिवसभर वावरत होता. म्हणून तोडा न पेटवताही तो पेटलेला आहे असे समजून तासभर चालून पाहा. हात आपोआप शिंगड्यापासून लांब राहू लागतो, शेजाऱ्यापासून अंतर ठेवले जाते, झटकन वळायची सवय मोडते. ही चाल कुठल्याही दुकानात मिळत नाही.

निवाऱ्याबद्दल थोडक्यात. सरदाराला डेरा आणि कनात. बाकीच्यांना राहुटी, पाल किंवा घोंगडीचा आडोसा. पावसाळ्यात गवताने शाकारलेले छप्पर. चिपळूणकडच्या छावणीला लिहिलेल्या महाराजांच्या पत्रात उंदीर दिव्याची जळती वात पळवून नेईल आणि गवत पेटेल, अशी काळजी आहे. ते पत्र वाचल्यावर गवताच्या छपराखाली गॅसची शेगडी ठेवायचा धीर कुणाला होऊ नये. कापडी राहुटी सुती जाड कापडाची, तणावे सुताचे किंवा अंबाडीचे, मेखा लाकडी. आणि तळ गडाखालच्या गावात, रीतसर जागा मागून टाकावा. जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांच्या तटाशी मेखा ठोकण्याचा आणि चूल पेटवण्याचा हक्क आपल्याला नाही. तळावर चहा हवाच असेल तर आडोशाला प्यावा. आम्हीही पितो.

दसऱ्यापर्यंत पुरेसे महिने आहेत. तोवर प्रत्येक पथकाने निदान दोन हशम आणि एक मोतद्दार उभा करावा, आणि त्यांचे फोटो आम्हाला पाठवावेत. सरदारांच्या आधी ते छापू. केपाची बंदूक खांद्यावर असलेला मावळा यापुढे या मासिकाच्या मुखपृष्ठावर येणार नाही.