काठ म्हणजे फुटपाथ नव्हे

पुण्यात पावसाळा खरा कधी सुरू झाला, हे भिडे पूल सांगतो. तो पाण्याखाली गेला की व्हिडिओ फिरतात, रील्स होतात, लकडी पुलावर गर्दी जमते, मक्याची कणसं विकली जातात. दोन दिवसांनी पूल पुन्हा वर येतो, कठड्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या लटकलेल्या असतात, आणि आपण गाड्या पुन्हा नदीपात्रात पार्क करायला मोकळे. पूर म्हणजे दोन दिवसांचा तमाशा, अशी आपली समजूत झाली आहे, कारण बहुतेकांच्या घरात पाणी येत नाही.

ज्यांच्या घरात येतं त्यांचं ऐका. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेत असताना मुठा पार्किंगमध्ये शिरली आणि तिथून तळमजल्यांत. माणसांना बोटीतून बाहेर काढावं लागलं, लष्कराला बोलवावं लागलं. त्याच पहाटे डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. जेमतेम दहा दिवसांनी, ऑगस्टच्या सुरुवातीला, एकतानगरीत पाणी पुन्हा आलं. पहिल्या वेळचा गाळ उपसून, गाद्या वाळवून लोक नुकते कुठे सावरत होते.

त्या पहाटे खडकवासल्यातून साधारण ३५,००० क्युसेक पाणी सोडलं होतं. क्युसेक हा शब्द बातम्यांत रोज येतो, पण डोळ्यांसमोर काही येत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. सोसायटीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर घ्या. ३५,००० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ शंभर टँकर. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत तीनशे. धरणाखालच्या ओढ्यांनी आणलेलं पाणी वेगळंच.

आता दुसरा आकडा. मुठेची निळी पूररेषा ६०,००० क्युसेकच्या हिशोबाने आखलेली आहे आणि लाल रेषा एक लाखाच्या. साध्या भाषेत, निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. धरणातून सुटलेलं पाणी निळ्या रेषेच्या साठ टक्केही नव्हतं, तरी लोकांना बोटी लागल्या. १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा शहर बुडालं; ती धरणफुटी होती. २०२४ ला धरणं शाबूत होती, दरवाजे माणसांनीच उघडले होते आणि पाणीही असं होतं की जे दर काही वर्षांनी येतंच.

मग नदीची जागा गेली कुठे? कोणी एका रात्रीत चोरली नाही. थोडी नदीपात्रातल्या रस्त्याने घेतली. थोडी मेट्रोने घेतली. वनाज-रामवाडी मार्गाचा सुमारे १.७ किलोमीटर भाग नदीच्या हद्दीतून जातो. थोडी डीपी रोडवरच्या लग्नाच्या लॉन्सनी घेतली, जिथे तुम्ही-आम्ही सगळेच कधी ना कधी पनीर खाऊन आलो आहोत. आणि बरीचशी राडारोड्याने घेतली: पाडलेल्या वाड्यांच्या विटा, जुन्या फरशा, खोदलेली माती, रात्री डंपरने आणून काठावर टाकलेली. दोन पावसाळे गेले की त्या ढिगावर गवत उगवतं, मग पत्र्याची शेड येते, आणि पाचव्या वर्षी ती जमीन जणू पहिल्यापासून तिथेच होती. प्रत्येक भर तेवढी लहान असते. बेरीज फक्त नदी करते, तीही रात्री.

या सगळ्यावर शहराने काढलेला मोठा उपाय म्हणजे नदीकाठ सुधार प्रकल्प. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर, खर्च सुमारे ४,७०० कोटी, आराखडा अहमदाबादची साबरमती सजवणाऱ्याच संस्थेचा, भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते. महापालिकेची बाजू नीट मांडायला हवी. त्यांचं म्हणणं असं की पात्रातले अडथळे आणि जुने बंधारे काढले, काठ एकसारखा केला की पाणी वेगाने निघून जाईल आणि पुराची पातळी उलट कमी होईल. शिवाय लोकांना चालायला, सायकल चालवायला नदीकाठ मिळेल. हे म्हणणं मूर्खपणाचं नाही. गुळगुळीत, सरळ पात्रातून पाणी भरभर जातं, हे खरंच आहे.

पण भरभर जाऊन ते कुठे जातं? मुंढवा, मांजरी, थेऊरकडे. आपल्या काठावरचं पाणी आपण त्यांच्याकडे लवकर आणि एकदम पाठवतो, आणि त्याला पूरनियंत्रण म्हणतो. शिवाय संगमावर मुळा येऊन मिळते, तिच्यात पवनेचं पाणी असतं, मुळशीचं असतं. दोन्ही नद्या एकाच वेळी फुगल्या तर मुठेचं पाणी पुढे सरकायला जागा न मिळून मागे तुंबतं. त्या वेळी भिंत कितीही गुळगुळीत असली तरी उपयोगाची नाही. तेव्हा लागते ती रुंदी. आणि नदीच्या बाजूने भराव टाकून काठ उभा केला, तर हातची जाते ती नेमकी रुंदीच.

मुळात काठ या शब्दाचाच घोळ आहे. प्रकल्पाच्या चित्रांत काठ म्हणजे एक रेघ: इकडे पाणी, तिकडे फरशी, मधे रेलिंग, रेलिंगला टेकून सेल्फी घेणारं जोडपं. खऱ्या नदीचा काठ हा पट्टा असतो. उन्हाळ्यात तो जमीन असतो, श्रावणात नदी असतो. तिथली करंज, उंबर, वाळुंज ही झाडं दोन्ही सहन करतात. त्यांची मुळं माती धरतात, पाण्याचा जोर मोडतात, पसरलेलं पाणी जिरवतात. २०२३ मध्ये याच झाडांसाठी हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांना ‘विकासाचे विरोधक’ म्हटलं गेलं. ही झाडं तोडून फरसबंदीच्या कडेला रोपं लावायची आणि त्याला ‘पुनरुज्जीवन’ म्हणायचं, याला दाद द्यायला हवी. (आणि नदीत अजून मैलापाणी मिसळतंच आहे. जपानच्या अर्थसाहाय्याची मैलाशुद्धीकरण योजना २०१६ ला मंजूर झाली होती. आधी नाक, मग डोळे, असा क्रम लावता आला असता.)

किंमत कोण मोजतं, हे आंबिल ओढ्यावर दिसलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून आलेल्या लोंढ्याने सहकारनगर, अरण्येश्वर धुऊन काढलं. टांगेवाला कॉलनीत सीमाभिंत कोसळली आणि तिच्याखाली माणसं गेली. त्या रात्री पुणे परिसरात वीसहून अधिक बळी गेले. पुढे ओढा सरळ करायचं काम निघालं आणि जून २०२१ मध्ये, करोनाच्या काळात, भर पावसाळ्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतली घरं पाडायला यंत्रं आली. न्यायालयाने ती कारवाई थांबवली. ओढ्याला जागा द्यायला कोणाचाच विरोध नसावा. पण जागा मागायची वेळ आली की जेसीबी झोपडीपाशी पोचतो आणि लॉन्सच्या कमानीपाशी त्याचं डिझेल संपतं, हे कसं?

‘मग दुसरं करणार काय?’ असं विचारणाऱ्यांसाठी दोन शहरं. म्युनिकमध्ये इसार नदी एकोणिसाव्या शतकात काँक्रीटच्या काठांत बांधली होती. २००० ते २०११ या काळात त्यांनी शहरातल्या आठ किलोमीटरवर ते काठ फोडले, पात्र रुंद केलं, गोट्यांचे उतार मोकळे केले. काम पुराच्या सुरक्षेसाठीच होतं. आज तिथे लोक पोहतात. नेदरलँड्समध्ये १९९५ च्या पूरस्थितीत सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. बांध बांधण्यात ज्यांचा हात कोणी धरत नाही, त्या डच लोकांनी त्यानंतर ठरवलं की निव्वळ बांध उंच करत राहणं पुरे. नाइमेखेनला त्यांनी वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे सरकवला आणि पाण्यासाठी आणखी एक वाट खोदली. त्यात पन्नासेक घरं गेली. लोक चिडले, वर्षानुवर्षं भांडले. पण त्यांच्याशी बोलणी झाली, मोबदले मिळाले, आणि मग यंत्रं आली.

पुण्यात तेवढी जागा नाही, हे उत्तर लगेच येतं. विठ्ठलवाडीपासून बंडगार्डनपर्यंत सलग नाही, हे मान्य. पण राडारोडा उचलायला जागा लागत नाही, तो उचलल्यावर जागा होते. पात्रातला रस्ता बंद करायला धैर्य लागतं, जमीन लागत नाही. निळ्या रेषेतल्या इमारतींचा प्रश्न अवघड आहे. रेषा आधी की इमारत आधी, हा वाद वर्षभर चालेल. तिथल्या माणसाने आयुष्याची कमाई त्या वन-बीएचकेत घातली आहे, त्याला ‘नदीत घर घेतलंच कशाला’ असं ऐकवणं सोपं आहे. त्याला भिंत बांधून दिली तर पाणी समोरच्या काठावर जाईल. त्याला जवळच, पूररेषेबाहेर घर द्यावं लागेल. ४,७०० कोटींच्या हिशोबात याची पहिली ओळ हवी होती.

आणि तोवर एक काम फुकटात होण्यासारखं आहे. खडकवासल्यापासून मुंढव्यापर्यंत प्रत्येक पुलाशी पात्राची रुंदी आणि खोली मोजा, किती क्युसेकला कुठल्या गल्लीत पाणी येतं ते लिहा, आणि तो तक्ता दर मे महिन्यात लोकांसमोर ठेवा. कुठे पात्र आक्रसलं ते वर्षागणिक दिसेल, कोणी आक्रसवलं तेही दिसेल. दरवाजे उघडायचं ठरलं की एकतानगरीतल्या माणसाला मोबाइलवर एवढंच कळू दे: इतकं पाणी सोडतोय, तुझ्या पार्किंगपर्यंत इतक्या वाजता पोचेल. आजी दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे न्यायला एक तास लागतो.